तक्रार क्रमांक पी०१७१

जूनचा तिसरा आठवडा होता. पूर्व द्रुतगती महामार्गावर विक्रोळीच्या अलीकडे गाड्या खोळंबल्या होत्या. बारीक पाऊस, पुढे बेस्टची बस, माझी गाडी न्यूट्रलमध्ये. तेवढ्यात डॅशबोर्डवर इंजिनच्या आकाराचा पिवळा दिवा लागला. कान देऊन ऐकलं. गाडी नेहमीसारखीच घुरघुरत होती. ना धक्का, ना धूर, ना वास. घाटकोपरला बहिणीकडे पोचले, परत मुलुंडला आले. गाडी काही बोलली नाही, पण दिवा विझला नाही.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्याच्या कामात गेली. त्यातली बरीच वर्षं मी तक्रारींच्या टेबलावर होते. ‘पाणी येत नाही’, ‘पाणी कमी दाबाने येतं’, ‘गढूळ येतं’, ‘येतं पण वास मारतो’. फोन यायचे, माणसं बाटलीत पाणी भरून घेऊन यायची. आमच्या वहीत पाच रकाने असत: तारीख, तक्रारदार, तक्रार, कारण, कार्यवाही. पहिल्याच महिन्यात माझ्या वरिष्ठांनी शिकवलेली गोष्ट अशी की तिसऱ्या रकान्यातलं चौथ्यात उतरवायचं नाही. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं, ‘पंप खराब झालाय, पाणी चढत नाही’, तर तिसऱ्या रकान्यात फक्त ‘पाणी चढत नाही’ लिहायचं. पंपाचं काय ते जागेवर जाऊन बघायचं. बाई खोटं बोलत नसतात, त्यांच्या नळाला पाणी नसतंच. पण पंप ठीक असून तळटाकीच भरलेली नसेल, टाकीकडे येणारी लाइन गल्लीच्या तोंडाशी गळत असेल, किंवा चावीवाल्याने व्हॉल्व्ह पुरता उघडला नसेल. एका कोरड्या नळामागे इतकं काय काय असतं.

हे सगळं मला माहीत होतं. तरीही गाडीच्या बाबतीत मी ते साफ विसरले.

नेहमीच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या मुलाने स्टीअरिंगखाली कसलीशी वायर जोडली, हातातल्या यंत्राची दोन बटणं दाबली आणि म्हणाला, “ऑक्सिजन सेन्सर गेला, मॅडम.” नवा सेन्सर बसला, ठिणगी देणारे प्लगही बदलले. ‘काळे पडलेत’ म्हणून त्याने जुने प्लग मला दाखवले होते. साडेपाच हजारांचं बिल झालं. दिवा विझवून गाडी हातात दिली. अकराव्या दिवशी, पुन्हा पावसात, पुन्हा सिग्नलला उभी असताना दिवा लागला. परत गेले तर म्हणाला, “आता मागचा सेन्सर. दोन असतात ना.” तेव्हा मी विचारलं, “यंत्रावर नेमकं काय लिहून आलंय ते मला दाखवता का?” त्याने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. पी०१७१. “म्हणजे काय?” “म्हणजे सेन्सर.”

तिसरा रकाना थेट चौथ्यात उतरला होता, आणि मी पैसे देऊन मोकळी झाले होते.

त्या शनिवारी भाच्याला घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. फोनला ब्लूटूथने जोडायचे छोटे डबेही तिथे मिळतात, पण मला स्वतःचा पडदा आणि बटणं असलेलं, हातात मावणारं यंत्र हवं होतं. अडीच हजारांच्या आत मिळालं. घरी येऊन टॉर्च घेतला, वाकून स्टीअरिंगखाली बघितलं. तिथे सोळा खाचांचं, एका बाजूला निमुळतं होत गेलेलं प्लॅस्टिकचं तोंड होतं. दहा वर्षं ते माझ्या गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर होतं आणि मी त्याच्याकडे कधी बघितलंही नव्हतं.

ते तिथे का असतं, हे कळल्यावर या गोष्टीत माझा जीव खरा गुंतला. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या आकाशात धुरकं दाटायचं. इंजिनचा धूर वाढला तर ते गाडीने स्वतः ओळखावं आणि चालवणाऱ्याला सांगावं, असा नियम आधी त्या राज्याने आणला. मग १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या मोटारींना एकाच आकाराचं तोंड आणि एकाच पद्धतीचे कोड सक्तीचे झाले. आपल्याकडे गाड्यांच्या धुराच्या ‘भारत स्टेज ४’ नियमांच्या काळात, २०१० मध्ये याची पहिली पायरी आली आणि एप्रिल २०१३ पासून दुसरी, पुरती. माझी गाडी २०१४ची. म्हणजे तो पिवळा दिवा माझ्या सोयीसाठी लावलेला नाहीच. माझ्या गाडीच्या मागे रिक्षात बसलेल्या माणसाच्या फुप्फुसासाठी तो आहे. मुंबईत कितीतरी टॅक्सीवाल्यांनी त्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावलेली मी पाहिली आहे. तेव्हा त्यात विशेष वाटलं नव्हतं, आता वाईट वाटतं.

तर कोड. पहिलं अक्षर कुठल्या खात्याची तक्रार आहे ते सांगतं. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टीअरिंगचा खालचा भाग, ‘बी’ म्हणजे बॉडी, एअरबॅग वगैरे, आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या निरनिराळ्या संगणकांचं आपापसातलं बोलणं तुटलं. पुढचा शून्य सांगतो की हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा लागू आहे. तिथे एक असता तर तो कंपनीचा खासगी कोड, त्याचा अर्थ त्या कंपनीच्या पुस्तकात बघायचा. तिसऱ्या जागी एक किंवा दोन असेल तर इंधन आणि हवेचं माप, तीन असेल तर ठिणगी आणि मिसफायर (सिलिंडरमधलं पेट्रोल नीट न पेटणं), चार असेल तर धूर साफ करणारी यंत्रणा. शेवटचे दोन आकडे म्हणजे नेमकी तक्रार. पी०१७१ चा अर्थ इतकाच की मिश्रण फार लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. (आपल्याकडे देवाच्या पायी लीन होतात. गॅरेजातला लीन वेगळा, हे लक्षात ठेवायला मला दोन दिवस लागले.)

त्या वाक्यात ‘सेन्सर’ हा शब्द कुठेच नाही. सेन्सरच्या स्वतःच्या आजारांचे कोड वेगळे आहेत, पी०१३० पासून पुढे त्यांची रांगच आहे. पी०१७१ मध्ये सेन्सर हा आरोपी नाही, तो साक्षीदार आहे. एक किलो पेट्रोल पुरतं जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक्झॉस्टच्या, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळीत बसलेला सेन्सर, जळून गेलेल्या वायूत किती ऑक्सिजन उरलाय त्यावरून कमी-जास्त व्होल्टेज देतो. उरलेला ऑक्सिजन जास्त म्हणजे पेट्रोल कमी पडलं, असं गाडीतला संगणक समजतो आणि पेट्रोल फवारणारा इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवतो. किती जास्त, तो टक्का यंत्रावर दिसतो. त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. एक आकडा क्षणाक्षणाला बदलणारा, दुसरा दिवसेंदिवस शिकून ठरलेला. दोन-चार टक्के इकडे-तिकडे हे रोजचं. पण वाढवत वाढवत संगणक आपल्या मर्यादेला जाऊन टेकला आणि तरी सेन्सर ‘कमीच आहे’ म्हणत राहिला की त्याची नोंद होते. पहिल्या खेपेला ती कच्ची असते, दिवा लागत नाही. पुढच्या वेळी गाडी चालवताना पुन्हा तेच घडलं की नोंद पक्की होते आणि दिवा लागतो. आमच्याकडेही एकाच फोनवर खड्डा खणत नसत.

यंत्राच्या यादीत एक पान असतं, फ्रीझ फ्रेम नावाचं. बहुतेक लोक ते उघडतच नाहीत. मला तर तो पंचनामाच वाटला. कोड पक्का झाला त्या क्षणी गाडीची काय अवस्था होती, ते तिथे गोठवून ठेवलेलं असतं. माझ्या गाडीचं असं होतं: वेग शून्य, इंजिनच्या फेऱ्या मिनिटाला ७८०, इंजिनमधल्या पाण्याचं तापमान ८८ अंश, दोन्ही ट्रिम मिळून २५ टक्क्यांच्या पुढे. म्हणजे गाडी तापलेली, पण उभी. पहिल्या वेळीही उभीच होती. पण त्या वेळचा पंचनामा आता नव्हता, कारण गॅरेजने ‘कोड उडवला’ होता.

यावर मला कळकळीने सांगायचं आहे. कोड पुसला की दिवा विझतो, आणि त्याबरोबर तो पंचनामाही पुसला जातो. गाडीने स्वतःच्या ज्या तपासण्या पुऱ्या करून ठेवलेल्या असतात, त्याही सगळ्या पुन्हा शून्यापासून सुरू होतात. तक्रारवहीचं पान फाडून टाकण्यासारखंच हे. पुसायचं असेल तर आधी लिहून घ्या, फोटो काढा. मेकॅनिकला आपल्यासमोर सांगा, “आधी फ्रीझ फ्रेम दाखवा, मग काय ते करा.” यात कुणाचा अपमान नाही.

रविवारी सकाळी सोसायटीच्या आवारात गाडी चालू करून यंत्राच्या आकड्यांकडे बघत बसले. उभ्या गाडीला ट्रिम २४, २५, २६. एक्सलरेटर दाबून फेऱ्या अडीच हजारांवर धरल्या तर आकडा हळूहळू उतरून ८-९ वर आला. सोडलं की पुन्हा वर. सेन्सरचं व्होल्टेज ०.१ आणि ०.९ च्या मधे हलत होतं, बराच वेळ खालच्या बाजूला, पण एकदम एक्सलरेटर दाबला की झटकन वर जायचं. म्हणजे सेन्सर जिवंत होता, बहुधा काढून टाकलेला जुनाही जिवंतच असावा. पेट्रोलचा पंप कमजोर असता तर उलट दिसलं असतं. इंजिनने जास्त मागितलं की जास्त कमी पडलं असतं. इथे दुखणं कमी फेऱ्यांचं होतं.

आणि मग ते काळे प्लग आठवले. पेट्रोल कमी पडणाऱ्या इंजिनचे प्लग पांढुरके होतात. काजळी धरते ती पेट्रोल जास्त झालं की. लिटरमागे सोळा किलोमीटर देणारी गाडी तेरावर आली होती. साक्षीदार म्हणतोय, पेट्रोल कमी. प्लग म्हणतात, जास्त. दोघेही माझ्यासमोर, आणि दोघांनाही खोटं बोलायचं कारण नाही.

त्या दिवशी दुपारी भांडी घासताना, नळ बंद करताना, मला उत्तर सुचलं. ते मला गाडीने शिकवलेलं नाही, पाण्याने शिकवलं होतं.

मुंबईत पाणी ठरावीक तासांना येतं. पाणी चालू असतं तेव्हा जमिनीखालच्या लाइनीत दाब असतो, फट असेल तर पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होऊ लागते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि त्याच फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारी गटार असेल तर गटाराचं. म्हणून गढूळ पाण्याची तक्रार आली की माझे वरिष्ठ पहिला प्रश्न ‘कुठे’ असा नाही, तर ‘कधी’ असा विचारत. दिवसभर गढूळ की फक्त पहिली पाच मिनिटं? पहिली पाच मिनिटं असेल, तर पाणी निघालं तेव्हा स्वच्छच होतं. वाटेत, बंद असताना, काहीतरी आत शिरलं आहे.

इंजिनमधून धूर सलग येत नाही. एकेका सिलिंडरचा झडप-दरवाजा उघडला की एकेक झोत येतो, आणि दोन झोतांच्या मधे नळीतला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. सेन्सरच्या अलीकडे कुठे फट असेल, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, तो खराच असतो. पण तो इंजिनमधून उरलेला नसतो, वाटेत शिरलेला असतो. संगणक बिचारा पेट्रोल वाढवत जातो, प्लग काळे होतात, आणि तरी सेन्सर म्हणतो, ऑक्सिजन आहेच. इंजिन हळू फिरतं तेव्हा झोत छोटे आणि लांब लांब अंतराने येतात, म्हणून शिरलेल्या हवेचा हिस्सा मोठा. फेऱ्या वाढल्या की धुराच्या लोंढ्यात ती फट नगण्य होते. सिग्नलला उभी असताना दिवा, वाहत्या रस्त्यावर काही नाही. सगळं जुळत होतं. नवा सेन्सर आला, त्यानेही इमानदारीने तीच साक्ष दिली.

जुळणं वेगळं आणि सापडणं वेगळं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला, इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना, मी खाली उतरले. रात्रीच्या शांततेत सळईचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं कानाला लावून गळतीचा आवाज शोधणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्याबरोबर उभी राहिले आहे. सळईऐवजी मी बागेच्या नळीचा दोन हात तुकडा घेतला. वॉचमनदादांनी टॉर्च धरला. गाडी चालू केली आणि नळीचं टोक एक्झॉस्टच्या सांध्याजवळून हळूहळू फिरवलं. (हे करताना पंखा आणि पट्टा यांपासून हात, ओढणी, केस लांब ठेवा, आणि एक्झॉस्टची नळी मिनिटाभरात हात भाजेल इतकी तापते.) इंजिनला जिथे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र करणारा भाग, जोडतो, त्या सांध्याच्या एका कोपऱ्यावर कानात टिक-टिक-टिक आलं. टॉर्च जवळ नेला, तर तिथे लोखंडावर काजळीची बोटभर रेघ होती. साबणाचं पाणी मारलं, बुडबुडे फुटले. दोन-तीन मिनिटांत धातू तापून फुगला आणि टिकटिक जवळजवळ बंद झाली. फट मात्र पुरती मिटत नसणार, कारण तापलेल्या गाडीतही ट्रिम चढलेलाच होता. म्हणूनच टिकटिक कधी ऐकू आली नव्हती. मी गाडीत बसून काच वर करून निघेपर्यंत ती दबलेली असायची.

“मॅडम, सापडलं?” वॉचमनदादांनी विचारलं. माझे डोळे भरून आले होते. त्या क्षणी मला माझी नोकरी आठवत होती.

भांडुपच्या एका गल्लीतल्या छोट्या गॅरेजात गाडी नेली. मालक साठीचे. त्यांना आकडे सांगितले, रेघ दाखवली. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, “गॅस्केट फुंकतंय, ताई. एक स्टड पण तुटलाय, गंजून.” गॅस्केट म्हणजे सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी, स्टड म्हणजे तो सांधा आवळणारा बोल्ट. तुटलेला स्टड ड्रिल मारून काढायला त्यांना दोन तास लागले. गॅस्केट, स्टड, मजुरी मिळून नऊशे रुपये. त्यांच्याकडे माझ्यापेक्षा चांगलं यंत्र होतं. ते म्हणाले, “कोड काढू का?” मी नको म्हटलं. दुरुस्ती खरी असेल, तर गाडी लागोपाठ तीन वेळा दोषाशिवाय चालली की दिवा आपणहून विझतो. मला ते बघायचं होतं. चौथ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवली, सगळे दिवे लागले, इंजिन चालू झालं, आणि सगळ्यांबरोबर पिवळाही गेला. कोड मात्र यंत्रणेच्या आठवणीत आणखी काही आठवडे राहतो. इंजिन चाळीसेक वेळा थंडाचं गरम झालं की तो पुसला जातो. आठवड्याभरात ट्रिम तीन-चार टक्क्यांवर आला.

तेव्हापासून सोसायटीतली माणसं माझ्याकडे यंत्र मागायला येतात. ऑगस्टमध्ये एका शेजाऱ्यांच्या गाडीत एकदम सात कोड निघाले. त्यातले चार ‘यू’चे, एक ब्रेकच्या यंत्रणेचा. त्यांना मोठ्या खर्चाची धास्ती पडली होती. पण एकाच गल्लीतल्या सात इमारतींनी एकाच सकाळी फोन केला, तर सात प्लंबर पाठवायचे नसतात. यादीत पी०५६२ होता, म्हणजे व्होल्टेज कमी. बॅटरीच्या एका टर्मिनलवर हिरवट-पांढरा थर चढला होता आणि क्लॅम्प हाताने फिरत होता. साफ करून आवळला, यादी लिहून घेऊन कोड पुसले. सातांतला एकही परतला नाही. दुसऱ्या एका मुलाला मात्र मी गाडी चालवूच दिली नाही, टोइंगवाल्याला बोलवायला लावलं. त्याचा दिवा स्थिर नव्हता, लुकलुकत होता. लुकलुकणं म्हणजे मिसफायर इतका, की न जळलेलं पेट्रोल मागच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो भाजून निघतोय. एवढी एक खूण तरी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवी.

माझं यंत्र फार मोठं नाही. ब्रेकचे, एअरबॅगचे बरेच कोड त्याला वाचता येत नाहीत, कंपनीच्या खासगी कोडपाशी ते गप्प बसतं. जे येतं ते मी एका वहीत लिहिते. दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची. पाच रकाने आखले आहेत. यंत्र तिसरा भरून देतं.

काल संध्याकाळी बी विंगमधली एक मुलगी आली. कांदिवलीला नोकरी, गाडी नवीनच शिकली आहे. फोनवर स्क्रीनचा फोटो होता, पी०४२०. “काकू, गॅरेजवाले म्हणतात कन्व्हर्टर बदला, चाळीस हजार.” तिचा आवाज कापरा होता. मी तिला बसवलं, चहा ठेवला, वही उघडली, तारीख घातली, तिचं नाव लिहिलं.

“दिवा लागला तेव्हा,” मी विचारलं, “गाडी उभी होती की चालत होती?”